जिप्सीच्या डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल घरी बदललं: चौदा महिन्यांचा अनुभव

गॅरेजच्या बिलावर स्पष्ट लिहिलं होतं, पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं (दोन चाकांच्या मधे बसलेला, चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) आणि मधल्या ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद पाठवणारी गिअरची पेटी) ऑइल बदललं. गाडी घरी आणल्यावर मी सहज खाली वाकून बघितलं, तर मागच्या डिफरन्शियलच्या भरायच्या प्लगवर गेल्या पावसाळ्याची लाल माती तशीच वाळून बसलेली. खरवडून काढावी लागली. त्या प्लगला कित्येक महिन्यांत पाना लागला नव्हता. पैसे गेल्याचं मला वाईट वाटलं नाही, त्या गाडीच्या भरवशावर आम्ही घाट चढतो-उतरतो याचं वाटलं. तेव्हाच ठरवलं की हे काम यापुढे आपल्या अंगणात, आपल्या डोळ्यांसमोर होईल.

आमची मारुतीची जिप्सी किंग २००७ ची आहे, १.३ लिटर पेट्रोल. पाचगणी ते महाबळेश्वर पट्ट्यात आमची स्ट्रॉबेरी आहे. हंगामात क्रेट शेतातून शेडपर्यंत आणि पावसाळ्यात माणसं, खत, रोपं ओढ्यापलीकडे न्यायची, हे तिचं काम. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर तिची चाकं कोरडी नसतात. नवी जिप्सी मिळणं बंद होऊन काही वर्षं झाली, म्हणजे आहे तीच जपायची. गेल्या वर्षी ऑक्टोबरात पहिल्यांदा तिन्ही ऑइल बदलली. आता डिसेंबर आहे, मध्ये एक पूर्ण पावसाळा आणि साधारण नऊ हजार किलोमीटर झाले. म्हणून आता लिहिते.

आधी कोणतं ऑइल, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. डिफरन्शियलमधले क्राऊन (मोठं दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं चाक) हायपॉइड पद्धतीचे असतात. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतातही. तो दाब सहन करायला गंधक-फॉस्फरसची रसायनं घातलेलं जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं. कॅन उघडल्यावर जो उग्र वास येतो तो त्याचाच. मी ८०डब्ल्यू-९० (हा घट्टपणाचा आकडा) घेतलं आणि ट्रान्सफर केसलाही तेच घातलं, कारण जिप्सीचं ट्रान्सफर केस पूर्ण गिअरचं आहे. ज्या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये साखळी असते, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना तिथे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल, लागतं. तिथे हे घट्ट ऑइल ओतलं तर नुकसान होईल. म्हणून शेजाऱ्याने काय घातलं ते विचारू नका, आपल्या गाडीचं पुस्तक उघडा. गिअरबॉक्सला मात्र मी हे ऑइल लावलं नाही. तिथल्या सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगा जीएल-५ मधल्या रसायनांनी खराब होऊ शकतात, तिथे जीएल-४ च बरं.

साहित्य फार लागलं नाही. पाच लिटरचा कॅन तिन्ही ठिकाणांना मिळून पुरला. दोन मीटर पारदर्शक नळी, नरसाळं, जुनी पसरट पाटी, गोटी पाना आणि लांब टॉमी, आट्यांना लावायचं सीलंट, एक चांगलं चुंबक. सगळं अडीच हजारांच्या आत झालं. हातपंपही घेतला होता, पण थंडीत घट्ट झालेलं ऑइल तो ओढेना. दोन वेळा वापरून ठेवून दिला. त्यापेक्षा कॅन तासभर उन्हात किंवा गरम पाण्याच्या बादलीत ठेवायचा, नळी चाकाच्या कमानीतून खाली सोडायची आणि वरून नरसाळ्याने ओतायचं. वेळ लागतो, पण ऑइल आपसूक उतरतं. पंपावर पैसे घालू नका असंच मी सांगेन.

पहिल्या दिवशी नणंदेचा मुलगा मदतीला होता. आयटीआयला जातो, वय एकोणीस. मी पाटी लावून खालचा प्लग सोडायला घेतला, तर त्याने हात धरला. "मामी, थांबा. आधी वरचा सोडा." कारण साधं आहे. खालून सगळं ऑइल सांडलं आणि मग वरचा भरायचा प्लग निघालाच नाही, तर गाडी जागेवर अडकली. आमच्या पुढच्या डिफरन्शियलचा वरचा प्लग खरोखरच निघत नव्हता. रात्रभर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, सकाळी टॉमीला पाइप घालून दोघांनी जोर लावला तेव्हा हलला. पाना नीट, पूर्ण खोल बसल्याशिवाय जोर लावू नका. कोपरे गोल झाले की घरचं काम मिस्त्रीचं होऊन बसतं.

बाकी क्रम सोपा आहे. आठ-दहा किलोमीटर गाडी फिरवून ऑइल कोमट करायचं, म्हणजे तळाची घाणही सोबत निघते. गाडी सपाट जागी घ्यायची. आम्ही शेडमधल्या कोब्यावर घेतो. जिप्सी मुळात उंच आहे, खाली सरपटत जाता येतं, जॅक लावायची गरज नाही आणि लावूही नये. एक बाजू उचलली की आतली पातळी चुकते. चाकांना दगड, हँडब्रेक, गिअर टाकलेला. निथळायला अर्धा तास द्यायचा. भरताना लिटर मोजत बसायचं नाही, वरच्या भोकातून ओघळायला लागलं की पुरे.

आता मुख्य गोष्ट. पाटीत काय पडलं ते वाचायला शिकणं हा माझ्यासाठी या सगळ्यातला मोठा लाभ.

मागच्यातून काळं, दाट ऑइल आलं. त्यातून चुंबक फिरवलं तेव्हा त्यावर राखाडी, चंदेरी लोणी बसलं. बोटात चोळलं तर कण लागत नव्हते. ही नेहमीची झीज आहे, घाबरण्यासारखं काही नाही. बोटाला टोचणारा कपचा किंवा दाताचा तुकडा मिळाला असता तर गाडी तिथेच उभी केली असती.

पुढच्यातून दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं ऑइल आलं. ऑइलमध्ये पाणी मिसळून घोटलं गेलं की असं दिसतं. आमचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो, खाटेवरून उठून बघायला आले आणि म्हणाले, "ओढा प्यायली की ही." बरोबर तेच झालं होतं. घाट चढून आलेलं हाउसिंग, म्हणजे डिफरन्शियलचं लोखंडी कवच, तापलेलं असतं. ते तसंच ओढ्याच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आखडते आणि बाहेरून काहीतरी आत ओढून घेते. त्यासाठीच वर छोटा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं भोक, दिलेला असतो. तो चिखलाने बुजलेला असेल तर हवा येणार कुठून? मग ऑइल सीलच्या कडेतून पाणी आत जातं. आमचा ब्रीदर मातीने पूर्ण बंद होता. पाणी मिसळलेलं ऑइल दातांवर टिकत नाही, बेअरिंगला गंज धरतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. आवाज यायला लागतो तोपर्यंत खर्च ठरलेला असतो.

ट्रान्सफर केसने वेगळीच गोष्ट सांगितली. त्यातून जेमतेम अर्धा लिटर निघालं आणि भरताना त्याहून कितीतरी जास्त मावलं. म्हणजे गाडी कमी ऑइलवर धावत होती. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटं असतं, मध्ये आखूड शाफ्ट. आणि नुसत्या मागच्या चाकांवर, हाय रेंजमध्ये (नेहमीच्या वेगाच्या गिअरात) चालवतानाही ताकद त्यातल्या दात्यांमधूनच जाते. फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) टाकलं नाही म्हणजे ते आराम करतंय असं नसतं. साताऱ्याला जाताना जी घरघर मधून यायची, ती मी जुन्या गाडीचा स्वभाव समजत होते. मागच्या शाफ्टच्या तोंडाचं सील गळत होतं, पण ऑइल स्प्रिंगच्या पाट्यांवर, धुळीत, सगळीकडे उडून जायचं, ठिपका जमिनीवर कधी पडलाच नाही. सील बदलण्याचं काम गावातल्या मिस्त्रींकडून करून घेतलं. ते माझ्या हाताबाहेरचं होतं.

चौदा महिन्यांनी फरक काय? घरघर कमी झाली, गेली नाही. झिजलेला दात ऑइलने परत येत नाही. जानेवारीच्या थंडीत सकाळी ट्रान्सफर केसचा दांडा आधी दोन्ही हातांनी ओढावा लागायचा, आता एका हाताने पडतो. पेट्रोलच्या ॲव्हरेजमध्ये मला काहीही फरक दिसला नाही, आणि दिसेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मागच्या हाउसिंगला घाट चढून आल्यावर हात लावते, गरम असतं पण हात ठेवता येतो. याची आधीशी तुलना मला करता येणार नाही, कारण आधी कधी हात लावलाच नव्हता.

दोन्ही ब्रीदरना नळ्या जोडून वर नेल्या. पुढची इंजिनच्या कप्प्यात, फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधला पत्रा). मागची चॅसीवरून टेललॅम्पच्या मागे. मागच्या नळीला भरपूर ढील ठेवा, कारण स्प्रिंगच्या पाट्यांवर हाउसिंग वर-खाली होतं आणि ताणलेली नळी तुटते. मी मागच्या नळीला क्लिप लावली आणि पुढची नुसती दाबून बसवली. ती चूक पावसाळ्यात महाग पडली. यंदा ऑक्टोबरात प्लग सोडून बोट घातलं, तर मागचं ऑइल स्वच्छ मधासारखं, ट्रान्सफर केसचंही चांगलं, आणि पुढचं पुन्हा दुधाळ. बघते तर पुढची नळी ब्रीदरवरून निघून लोंबत होती. परत सगळं काढलं, नवं भरलं, दीडशे किलोमीटर चालवून तेही काढून टाकलं, कारण कोपऱ्यांत राहिलेलं पाणी एका धुण्यात जात नाही. दुसऱ्यांदा निघालेलं ऑइल किंचित धुरकट होतं. तिसऱ्यांदा भरलं ते आजपर्यंत स्वच्छ आहे. दोन्ही नळ्यांना आता स्टीलच्या क्लिपा आहेत.

यातून एक सवय लागली, ती मला ऑइल बदलण्याइतकीच महत्त्वाची वाटते. मोठं पाणी ओलांडलं की दोन-तीन दिवसांत, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, खालचा प्लग जरासा सैल करायचा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. आधी पाण्याचे थेंब आले तर समजायचं. ऑइल आलं तर लगेच आवळायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी सवय हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, जो चाक आतल्या ॲक्सलला जोडतो किंवा सोडतो. आमचे पुढचे हब हाताने फिरवायचे आहेत. ते मोकळे असले की चाकं फिरतात, पण पुढचं डिफरन्शियल जवळजवळ झोपलेलं असतं. ऑइल तळाला, वरचे दात कोरडे. आत थोडा ओलावा असला की तिथे गंज. म्हणून उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा हब लॉक करून चार-पाच किलोमीटर चालवते, म्हणजे क्राऊन फिरतो आणि सगळीकडे ऑइल लागतं. दांडा मात्र मागच्या चाकांवरच ठेवायचा. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकलं तर वळणावर पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळतात.

काढलेल्या ऑइलचं काय करायचं, हे कोणी विचारत नाही म्हणून मीच लिहिते. आमच्याकडे जळकं ऑइल कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासतात, उरलेलं बांधावर ओततात. मी विरोध केला तेव्हा घरात थोडी कुरबुर झाली. पण कृष्णा, कोयना, वेण्णा इथूनच निघतात. आमच्या बांधावरचं पाणी खाली कोणाच्या तरी हंड्यात जाणार. शिवाय आमची स्ट्रॉबेरी लोक धुऊन लगेच तोंडात घालतात. कायद्यानेही वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ते मी रिकाम्या कॅनमध्ये गाळून, झाकण लावून, मिस्त्रींच्या ड्रममध्ये टाकते. ते पुनर्प्रक्रियेसाठी उचलणाऱ्याला देतात. पाणी मिसळलेलं ऑइल वेगळ्या कॅनमध्ये.

ज्याची गाडी वॉरंटीत आहे, त्याने हे करण्याआधी पुस्तकातल्या अटी वाचाव्यात. ज्याला खाली सरपटताना पाठ साथ देत नाही, त्याने गॅरेजला द्यावं, पण समोर उभं राहावं आणि जुनं ऑइल पाटीत बघूनच घरी यावं.

पुढचं काम ठरलंय. पुढच्या चाकाच्या नकलमधून (चाक वळवणाऱ्या सांध्यातून), गोल गोळ्याच्या कडेने, गेल्या आठवड्यात पातळ ऑइल ओघळलेलं दिसलं. तिथे खरं तर ग्रीस असायला हवं. म्हणजे आतलं ॲक्सल सील गेलं असणार आणि डिफरन्शियलचं ऑइल येऊन ग्रीस धुऊन नेतंय. सील मागवलंय. भाचा नाताळच्या सुट्टीत येतोय, तेव्हा उघडू.