प्रियसच्या तीन पिढ्या: पेट्रोलचा आणि देखभालीचा हिशेब

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी घेतली की "अ‍ॅव्हरेज किती देते?" हा प्रश्न पाठ सोडत नाही. उत्तर सोपं वाटतं, पण आकडा कुठून आणला त्यावर ते पार बदलतं. जपानमध्ये जाहीर झालेले आकडे बघा. २००३ मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची टोयोटा प्रियस लिटरला ३५.५ किलोमीटर, २००९ ची तिसरी ३८, २०१५ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या पिढीचं सगळ्यात काटकसरी मॉडेल ४०.८ आणि आताच्या पाचव्या पिढीची दोन लिटर इंजिनाची गाडी २८.६! कागदावर नवी गाडी वीस वर्षांपूर्वीच्या गाडीपेक्षा जास्त पेट्रोल पिते असं दिसतं. प्रत्यक्षात गाडी मागे गेलेली नाही, मोजायची पद्धत बदलली आहे. आधीचे दोन आकडे १०-१५ मोड नावाच्या जुन्या आणि फार सौम्य चाचणीतले आहेत, चौथ्या पिढीचा त्यानंतरच्या जेसी०८ या चाचणीतला आणि पाचवीचा डब्ल्यूएलटीसी या आजच्या कडक चाचणीतला. अमेरिकेतही असंच झालं. दुसऱ्या पिढीचा आकडा आधी गॅलनला ५५ मैल होता. २००८ पासून चाचणीत जास्त वेग, एसी आणि थंड हवामान धरायला लागले आणि त्याच गाडीचा आकडा ४६ झाला.

म्हणून पिढ्यांची तुलना करायची तर एकाच मापाने मोजलेले आकडे घ्यायला हवेत. अमेरिकेच्या सुधारित पद्धतीने, शहर आणि हायवे मिळून, दुसरी पिढी लिटरला साधारण १९.६ किमी, तिसरी २१.३, चौथी २२.१ आणि पाचवी २४.२ देते. हे आकडे मला विश्वासाचे वाटतात, कारण माझ्या हातात आलेल्या गाड्या त्यांच्या आसपासच राहिल्या.

माझ्याकडे तिसऱ्या पिढीची प्रियस बरीच वर्षं होती. आता पाचव्या पिढीची घेऊन काही महिने झाले आहेत आणि उन्हाळा, पाऊस, लांबचे प्रवास, रोजची गर्दी असं सगळं तिने पाहिलं आहे. भावाकडे दुसऱ्या पिढीची आहे, ती मी मधूनमधून चालवतो. त्यामुळे तीन पिढ्यांची सवय पायाला आहे.

मी अ‍ॅव्हरेज काढतो ते टाकी फुल ते टाकी फुल. शक्यतो तोच पंप, पेट्रोलची नळी पहिल्यांदा टक् करून थांबली की थांबायचं, वरून "अजून थोडं बसेल" करायचं नाही. एका टाकीवर विसंबत नाही, तीन-चार टाक्यांची बेरीज धरतो. समोरच्या स्क्रीनवरचा आकडा माझ्या दोन्ही गाड्यांत खऱ्यापेक्षा थोडा चढाच दिसला. दुसऱ्या पिढीबाबत आणखी एक गोष्ट: काही देशांत विकलेल्या गाड्यांच्या टाकीत पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून आत लवचीक पिशवी असे. थंडीत ती आखडते आणि टाकी दर वेळी वेगळी भरते. अशा गाडीचा एका टाकीवरचा हिशेब धरूच नका.

माझ्या मिश्र वापरात तिसरी पिढी लिटरला वीसच्या आसपास द्यायची, पाचवी तेवीसच्या आसपास देते. ऐकायला तीन किलोमीटर हा दणदणीत फरक वाटतो. इथेच मला या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे: लिटरला किती किलोमीटर हे बघू नका, वर्षाला किती लिटर हे बघा. वर्षाला १५,००० किलोमीटर धरू. लिटरला १२ देणाऱ्या साध्या पेट्रोल गाडीला १,२५० लिटर लागतील. वर दिलेल्या आकड्यांनी दुसऱ्या पिढीच्या प्रियसला साधारण ७६५, तिसरीला ७०५, पाचवीला ६२०. म्हणजे साध्या गाडीवरून वीस वर्षं जुन्या तंत्राच्या हायब्रिडवर आलात तरी पावणेपाचशे लिटरच्या वर वाचतात. तिथून पुढे तिसरीवरून पाचवीवर जाऊन वाचतात पंच्याऐंशी लिटर, जेमतेम दोन टाक्या. केवळ पेट्रोल वाचवायला जुनी धडधाकट हायब्रिड विकून नवी घेणं हिशेबात बसत नाही. वर्षाला दोन टाक्यांत नव्या गाडीची किंमत कधी वसूल होणार?

मग वीस वर्षांत झालं काय? बरंच झालं. दुसऱ्या पिढीत दीड लिटरचं इंजिन होतं, तिसऱ्यात १.८ लिटरचं आलं. इंजिन मोठं होऊन पेट्रोल कमी लागलं हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. पण मोठं इंजिन हायवेवर कमी आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला कमी फेऱ्यांत, तेच काम करतं. शिवाय तिसऱ्या पिढीत पाण्याचा पंप विजेवर गेला आणि इंजिनावरचा पट्टाच नाहीसा झाला. सायलेन्सरमधून वाया जाणारी उष्णता कुलंटकडे, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या थंडाव्याच्या द्रवाकडे, वळवून इंजिन लवकर गरम करायची सोयही तिथेच आली. चौथ्या पिढीत इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता ४० टक्क्यांवर गेली, म्हणजे सगळं जुळून आलं तर पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी चाळीस टक्के कामी येतं. पेट्रोल इंजिनासाठी हा फार मोठा पल्ला आहे, आणि मला या इंजिनिअरिंगचं मनापासून कौतुक वाटतं. पाचव्या पिढीने मिळवलेलं बरंचसं पिकअपवर खर्च केलं. चौथी १२१ अश्वशक्तीची होती, पाचवी १९४ ची आहे. इतकी ताकद वाढूनही पेट्रोल कमी लागतं, आणि हायवेवर ओव्हरटेक करताना तिसऱ्या पिढीतला तो कण्हणारा आवाज आता येत नाही.

फरक सगळीकडे सारखा मिळत नाही. हायवेवर शंभर-एकशेदहाच्या वेगात नवी गाडी माझ्या जुनीपेक्षा थोडीच सरस आहे. तिथे हवेशी झगडा असतो आणि ब्रेक मारताना मोटर जी ऊर्जा बॅटरीत परत भरते, ती मिळवायला तिथे संधी नसते. खरा फरक पडतो तो मधल्या वेगात आणि गर्दीत. दुसऱ्या पिढीत ताशी साधारण ६७ किलोमीटरच्या वर गेलं की इंजिन फिरतं ठेवावंच लागतं, नाहीतर गिअरमधली छोटी मोटर, म्हणजे एमजी१, नको तितक्या वेगाने फिरेल. तिसऱ्या पिढीत ही मर्यादा थोडी वर गेली, चौथीपासून बरीच वर. आता सत्तर-ऐंशीच्या वेगात पाय हलका केला की इंजिन पूर्ण थांबतं, स्क्रीनवर इंजिनाकडून येणारा बाण नाहीसा होतो आणि गाडी बऱ्याच अंतरापर्यंत मोटरवर सरकत राहते. भावाच्या गाडीत त्याच रस्त्यावर, त्याच वेगात इंजिन फिरत असतं.

दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मात्र प्रत्येक पिढीला मारक आहेत. थंड इंजिन सुरू झालं की आधी स्वतःला आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरला गरम करतं, बॅटरी भरलेली असली तरी. गरम होईपर्यंत आपण मुक्कामी पोहोचलेले असतो. तिसऱ्या पिढीची गाडी अशा वापरात सोळा-सतरावर यायची. नवी तितकी कोसळत नाही, पण विशीच्या आत सहज येते. ज्यांचा सगळा वापर असाच आहे त्यांनी जाहिरातीतला आकडा विसरावा आणि शक्य तिथे दोन-तीन कामं एकाच फेरीत उरकावीत. हा एक बदल पिढी बदलण्याइतकं पेट्रोल वाचवतो.

आता देखभाल. या गाडीत क्लच प्लेट नाही, वेगळा स्टार्टर नाही, डायनॅमो नाही, टायमिंग बेल्टच्या जागी चेन आहे. ब्रेक मारल्यावर बहुतेक काम मोटर करते, त्यामुळे पॅड लाखभर किलोमीटर सहज जातात. उरतं काय तर ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल, टायर, बारा व्होल्टची बॅटरी आणि कुलंट. कुलंटचे मार्ग दोन, एक इंजिनाचा आणि एक इन्व्हर्टरचा, म्हणजे बॅटरीची वीज मोटरजोगी करणाऱ्या यंत्रणेचा. मेकॅनिकने दुसरा पाहिला का, हे आवर्जून विचारा. तिसऱ्या पिढीची गाडी असेल तर ईजीआरचा, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा, मार्ग काजळीने चोंदतो, तो ठरावीक काळाने साफ करून घ्या. चोंदल्यावर सिलिंडरमधलं तापमान वाढतं आणि पुढे हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा वरचा जोड बंद ठेवणाऱ्या पट्टीवर, येऊ शकतं. जुनी हायब्रिड महाग पडते ती अशा दुर्लक्षामुळे.

मोठ्या बॅटरीची भीती सगळ्यांना असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत निकेल मेटल हायड्राइडचे अठ्ठावीस मॉड्युल (छोट्या बॅटऱ्या) एकामागे एक जोडलेले असतात, मिळून २०१.६ व्होल्ट. गाडी ही बॅटरी पूर्ण भरत नाही आणि पूर्ण रिकामीही करत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. तिचा खरा शत्रू उष्णता. मागच्या सीटच्या कडेला एक साधी जाळी असते, तिच्यातून पंखा केबिनमधली हवा ओढून बॅटरी थंड ठेवतो. माझ्या जुन्या गाडीची ती जाळी मी पहिल्यांदा उघडली तेव्हा आत राखाडी रंगाचा, बोटांनी सोलून काढता येईल असा धुळीचा थर होता. सीटचे धागे, केस, सगळं त्यात विणलं गेलेलं. साफ करायला पंधरा मिनिटं आणि एक मऊ ब्रश लागला. त्यानंतर दर सर्व्हिसिंगला मी ती स्वतः उघडत असे. गाडीत कुत्रा-मांजर नेत असाल तर आणखी लवकर बघा. त्या जाळीसमोर बॅगा आणि चादरी रचणंही तितकंच वाईट.

बॅटरी बसलीच तर एकच कमजोर मॉड्युल बदलून देणारे भेटतात. ते स्वस्त पडतं, पण बाकीचे सत्तावीस तितकेच म्हातारे असतात आणि काही महिन्यांत दुसरा मान टाकतो. गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर पूर्ण नवा संच घालावा. भावाने तेच केलं आणि त्याची दुसऱ्या पिढीची गाडी आजही अठरा-एकोणीस देते. त्याला नवी घे असं सांगण्याचं मला एकही आर्थिक कारण दिसत नाही. सुरक्षिततेची साधनं, शांत केबिन, पिकअप ही कारणं आहेत आणि ती खरी आहेत, पण त्यांची बेरीज पेट्रोलच्या रकान्यात करू नये.

नवी घेणाऱ्यांना एक कळकळीची सूचना, कारण शोरूममध्ये हे कुणी आपणहून सांगत नाही. पाचव्या पिढीत १७ इंची आणि १९ इंची चाकं येतात. अमेरिकेतल्या आकड्यांनुसार १७ इंची चाकांचं साधं मॉडेल गॅलनला ५७ मैल देतं, १९ इंची चाकांची वरची मॉडेल ५२. इंजिन तेच, मोटर तीच. चाकं, वजन आणि जास्तीचं सामान एवढाच फरक. १५,००० किलोमीटरमागे हा फरक साठ लिटरचा होतो. म्हणजे तिसरीवरून पाचवीवर येऊन जे पंच्याऐंशी लिटर वाचणार होते, त्यातले साठ मॉडेल निवडतानाच गेले. वर १९५/५०आर१९ हा टायर वेगळ्याच मापाचा, तो सहज मिळत नाही आणि महागही पडतो. मी १७ इंचीच घेतली, खड्ड्यातही ती जास्त सुखाची वाटते. हवा मात्र पंधरवड्याला, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरून घ्या.