पिल्लू मागायला गेले, भुरीला घेऊन आले: शेल्टरच्या फॉस्टर योजनेचा अनुभव

कुत्र्यांच्या या शेल्टरनं, म्हणजे निवाऱ्यानं, मला सगळ्यात आधी काय दिलं असेल तर नकार. मी गेले होते पिल्लू मागायला. तेव्हा त्या नकारानं डोळ्यांत पाणी आलं होतं. आज त्यांच्याबद्दल चांगलं लिहिताना सुरुवात तिथूनच करावीशी वाटते.

त्याच्या पाच महिने आधी आमचं नऊ आठवड्यांचं पिल्लू पार्व्हो या विषाणूच्या आजारानं गेलं. जाहिरात बघून आणलं होतं. लसीचं कार्ड होतं, त्यावर एका डोसचा शिक्का होता आणि मला वाटलं, झालं काम. सोमवारी त्यानं खाणं सोडलं, मंगळवारी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, गुरुवारी पहाटे ते गेलं. माझ्या मुलानं त्याचा छोटा पट्टा अजून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवलाय.

शेल्टरचा फॉर्म चार पानी होता. घर स्वतःचं की भाड्याचं, घरमालकाची परवानगी आहे का, दिवसातून किती तास घर बंद असतं, गावाला गेलात तर कोण बघणार, घरातल्या प्रत्येकाची तयारी आहे का. तिसऱ्या पानावर प्रश्न होता: गेल्या वर्षभरात घरातलं कुठलं पिल्लू आजारी पडलं किंवा दगावलं का? मी खरं ते लिहिलं. समोरच्या बाईंनी वाचलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हाला आत्ता पिल्लू देता येणार नाही."

मग त्यांनी अर्धा तास बसून समजावलं. पार्व्होचा विषाणू जमिनीत, फटींत, कुंडीतल्या मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. नेहमीच्या फिनेलनं किंवा साबणानं तो मरेलच असं नाही. फरशी आधी घासून स्वच्छ करायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी घेऊन ती दहा मिनिटं ओली ठेवायची. मातीवर मात्र ब्लीच चालत नाही, कुंड्या काढूनच टाकायच्या. आणि एका डोसनं पिल्लू सुरक्षित होत नाही. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत ती लसीलाही निकामी करू शकते, आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. पिल्लू विकणाऱ्यानं यातलं एक वाक्य जरी सांगितलं असतं तरी मी त्याला अंगणात, रस्त्यावर सोडलं नसतं. त्या अर्ध्या तासासाठी मी या शेल्टरची कायमची ऋणी आहे.

"सगळ्या लसी झालेलं मोठं कुत्रं काही आठवडे फॉस्टर कराल का?" असं त्यांनीच विचारलं. फॉस्टर म्हणजे कुत्रं शेल्टरचंच, औषधपाण्याचा खर्च त्यांचा, घर आणि वेळ आपला. दत्तक घेणारं माणूस मिळालं की द्यायचं. अशी भुरी आमच्याकडे आली.

भुरी पिल्लांसकट शेल्टरमध्ये आली होती. पाचही पिल्लं दोन महिन्यांत दत्तक गेली आणि आई नऊ महिने पिंजऱ्यात राहिली. नसबंदी झालेली. पिंजऱ्यावरच्या कार्डावर लिहिलं होतं: ‘वय अंदाजे २ वर्षं. घुमी. इतर कुत्र्यांशी पटत नाही.’ हे कार्ड वाचून तिला घरी कोण नेणार? तिला रोज खायला घालणारे काका मात्र म्हणाले, "तिला हात लावू नका. नुसतं शेजारी बसा, तीच येईल." कार्डापेक्षा त्यांचं वाक्य खरं निघालं.

घरी नेताना एक पान दिलं होतं. ते मी अजून जपून ठेवलंय, कारण त्यातला शब्द न् शब्द कामाचा होता. तीन दिवस बिचकण्याचे, तीन आठवडे घराची सवय होण्याचे, तीन महिने घर आपलं वाटण्याचे, हा ढोबळ हिशेब. पहिल्या आठवड्यात पाहुणे नकोत, आंघोळ नको, डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही. बाहेर नेताना गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्ही, दोन्हीला दोरी, कारण नवीन जागेत घाबरलेलं कुत्रं मान मागे ओढून पट्ट्यातून सटकतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या दाराचा आवाज झाला आणि भुरी खरंच पट्ट्यातून निसटली. हार्नेसनं धरून ठेवली.

पहिली रात्र ती वॉशिंग मशीन आणि भिंतीच्या मधल्या फटीत उभी होती. बसलीसुद्धा नाही. वीस तास लघवी केली नाही. मी काकांचं ऐकून तिच्याकडे पाठ करून जमिनीवर पुस्तक वाचत बसले. पहाटे चारच्या सुमारास माझ्या कोपराला काहीतरी ओलं लागलं. तिचं नाक. मी हलले नाही. तिनं बाहीचा वास घेतला, मनगटाचा घेतला, मग माझ्या पाठीमागे धपकन बसली आणि एक लांब श्वास सोडला. माझ्या पाठीला तिच्या बरगड्यांची हालचाल कळत होती, आधी भरभर, मग हळूहळू मंद. जिना तिनं आयुष्यात चढला नव्हता, तेही नंतर कळलं. चढायला दोन दिवसांत शिकली, उतरायला नऊ दिवस लागले. एकेका पायरीवर तिची पुढची पावलं थरथरायची आणि माझा मुलगा खालच्या पायरीवर बसून वाट बघायचा.

आता तक्रार. ती गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहिते. अकराव्या रात्री भुरी उठेना. हिरड्या पांढुरक्या दिसत होत्या, नाकातून रक्ताची बारीक धार आली. ताप मोजला तर १०५ फॅरनहाइट. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५च्या आसपास असतं, म्हणजे हा खूपच झाला. त्या पानावर ‘रात्रीअपरात्री फोन करा’ म्हणून जो नंबर होता, तो मी सहा वेळा लावला. कुणी उचलला नाही. रात्री दीड वाजता रिक्षा करून चोवीस तास उघड्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स अगदी खाली आणि गोचिडातून होणारा एर्लिकिया, म्हणजेच गोचीड-ताप. अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन, रिकाम्या पोटी द्यायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार अंगात महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. त्यांनीच दात बघून म्हटलं की ही दोन वर्षांची नाही, निदान पाचची आहे. सात महिन्यांपर्यंत सगळे बेचाळीस पक्के दात आलेले असतात, त्यानंतर वयाचा अंदाज दातांच्या झिजेवरूनच, आणि हिचे पुढचे दात चांगलेच झिजलेले होते.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडून बघितली. गोचीड-तापाच्या चाचणीचा रकाना कोरा होता. ज्या कुत्रीच्या कानात शेल्टरमध्ये आली तेव्हा गोचिडांचे घोस होते असं त्याच फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलंय, तिची ही चाचणी नऊ महिन्यांत झाली नाही, हे मला पटलेलं नाही. आणि रात्रीचा नंबर द्यायचा असेल तर तो उचलणारं माणूस हवं. सकाळी नऊला त्यांचा फोन आला. कारणं दिली नाहीत, चूक मान्य केली, दवाखान्याचं बिल आठवड्यात चुकतं केलं. पण त्या रात्री माझ्या जागी वाहन न मिळणारं किंवा हातात पैसे नसणारं कुणी असतं तर भुरी वाचली नसती. पुरे गुण देत नाही ते एवढ्यासाठी.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट. दर रविवारी मी त्यांना पानभर टिपण पाठवत होते आणि ते वाचलं जात होतं. पिंजऱ्यात कुत्रं जसं वागतं तसंच ते घरात वागेल असं नाही. चहूबाजूंनी भुंकणं, झोप नाही, जागा नाही, मग कुणीही घुमं होईल. भुरी इतर कुत्र्यांवर गुरगुरायची ती फक्त समोरासमोर दोरीनं बांधून आणल्यावर. तीच कुत्री शेजारच्यांच्या म्हाताऱ्या लॅब्राडोरबरोबर खांद्याला खांदा लावून चालू लागली, आधी रस्त्याच्या दोन कडांनी, दहा दिवसांनी एकत्र. जेवताना भांड्याशी हात नेला की मात्र ताठ व्हायची, तेही मी लपवलं नाही. सातव्या आठवड्यात तिचं कार्ड बदललं: ‘वय ५ ते ६. अनोळखी माणसाला एक दिवस द्या. कुत्र्यांशी हळूहळू ओळख करून दिल्यास छान जमतं. जेवताना एकटं सोडा. जिना उतरताना सोबत लागते.’ हेच खरं वर्णन. दहा दिवसांत तिच्यासाठी दोन चौकश्या आल्या.

त्यातलं एक मध्यमवयीन जोडपं. तळमजल्यावरचं घर, लहान मुलं नाहीत. शेल्टरनं त्यांना तीनदा आमच्याकडे पाठवलं आणि तिसऱ्यांदा मी घरात थांबून त्यांना एकट्यांना भुरीबरोबर फिरायला पाठवलं. करारात स्पष्ट आहे: कुत्रं परस्पर दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि जमलं नाही तर कधीही, कुठल्याही वर्षी, शेल्टर परत घेणार. तुम्ही कुठल्याही शेल्टरमध्ये जा, हे कलम आहे का ते आधी विचारा. जे परत घ्यायला तयार नाहीत त्यांना त्या जिवाचं पुढे काय होतं याच्याशी देणंघेणं नाही, असं माझं ठाम मत आहे.

बाराव्या आठवड्यात भुरी गेली. तिच्याबरोबर न धुतलेली चादर दिली, वास ओळखीचा राहावा म्हणून. मुलगा दोन दिवस बोलला नाही, मग स्वतःच विचारू लागला की जिना नसलेल्या घरात ती कुठे झोपते. तिला नेणाऱ्या जोडप्यातल्या बाईंनी फोटो पाठवला, सोफ्याच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत, पण या वेळी उताणी, पोट वर करून.

पिल्लू जाऊन आता चौदा महिने झाले. कुंड्या गेल्या, फरशी त्यांनी सांगितल्याप्रमाणे दोनदा करून झाली. गेल्या आठवड्यात मी पुन्हा फोन केला. त्यांच्याकडे सोळा आठवडे पूर्ण झालेली दोन भावंडं आहेत, सगळे डोस झालेली. मी विचारलं, गोचीड-तापाची चाचणी? पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला आणि बाईंनी दोघांच्या चाचणीची तारीख आणि निकाल वाचून दाखवला. मग म्हणाल्या, "रात्रीचा नंबरही बदललाय, ताई. लिहून घ्या, आणि आज रात्रीच एकदा लावून बघा." रात्री अकराला लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.