बाथरूमचं लिकेज काढायला आलेल्याने 38,499 रुपये नेले, लिकेज तसंच

पंधरा दिवस झाले तरी रात्री मध्येच जाग येते आणि तेच सगळं परत डोळ्यासमोर येतं. लिहू की नको असं खूप झालं, कारण इतकी वर्षं घर चालवणाऱ्या बाईने असं फसावं याची लाज वाटते. पण तो माणूस आजही कुणाच्या तरी बाथरूममध्ये हातोडी घेऊन उभा असेल, म्हणून लिहितेय.

झालं असं की खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली. त्यांच्या मुलीचा साखरपुडा घरातच, पेंटर ठरलेला, त्या रोज बेल वाजवून विचारायच्या कधी करताय म्हणून. आमचा नेहमीचा प्लंबर गावी गेलेला, मिस्टर ड्युटीवर बाहेरगावी. मी नेटवर शोधून पहिला नंबर लावला. आता सगळे म्हणतात ओळखीचा माणूस बघायचा ना, पण रोज दारात कुणी असं उभं राहिलं की माणूस काय करणार सांगा.

पुढचा प्रकार तुम्हाला माहीत असेलच. 499 व्हिजिट चार्ज सांगून दोघे आले. मशीन लावायचे 2,500. ते मशीन भिंतीला लावलं की टीं टीं वाजायचं, बघा ताई आत किती पाणी आहे. अहो, मी तासाभरापूर्वी तिथे कपडे धुतले होते! ओल्या टाइलवर ते वाजणारच, कोरड्या हॉलच्या भिंतीला लावून दाखव म्हणायचं मला सुचलं नाही. मग म्हणाला केमिकलचं इंजेक्शन मारावं लागेल, 350 रुपये. मी हो म्हटलं. काम झाल्यावर कळलं की 350 एका पॉइंटचे, म्हणजे इंजेक्शन मारायच्या एका भोकाचे, आणि पॉइंट मारले 62. म्हणजे 21,700. वर आतला पाइप सडलाय म्हणून तो बदलायचे 13,800. एकूण 38,499. त्यातले 20,000 मटेरियलसाठी म्हणून आधीच यूपीआयने घेतले होते, तेही तिसऱ्याच कुणाच्या नावावर गेले. बिल मागितलं तर ऑफिसमधून व्हॉट्सअ‍ॅपवर येईल म्हणाला, ते आजतागायत आलेलं नाही.

आता जे आठवून सगळ्यात जास्त त्रास होतो ते सांगते. धूळ उडेल म्हणून त्याने बाथरूमचं दार लावून घेतलं, चार टाइल फोडल्या, आणि बाहेर येऊन माझ्या हातात वीतभर पाइपचा तुकडा ठेवला. गंजलेला, आतून खवले सुटलेले, ओला. तळहात लाल झाला, गाऊनलाही गंज लागला. "ताई, हे पाणी तुम्ही पीत होता" म्हणाला आणि मी घाबरले, लगेच म्हटलं बदला बाबा. तो तुकडा लोखंडी होता! आमच्या घरात लोखंडी पाइप नाहीच. 2017 ला बाथरूम नवीन केलं तेव्हा सगळी लाइन सीपीव्हीसीची टाकली, ती फिकट क्रीम रंगाची प्लास्टिकची असते, तिला गंज चढायचा प्रश्नच येत नाही. भिंत बुजवायच्या आधीचे फोटो माझ्याच मोबाइलमध्ये आहेत. हातात वजन जाणवत होतं, गंज दिसत होता, मोबाइल खिशात होता. दोन मिनिटं थांबून फोटो उघडला असता तर 13,800 तरी वाचले असते.

आणि काकूंनी तर उत्तर आधीच दिलं होतं. सकाळी तुमच्या आंघोळी झाल्या की थेंब पडतात, दुपारी थांबतं असं त्या स्वतः म्हणाल्या होत्या. पाण्याची लाइन फुटली असती तर कुणी नळ उघडो न उघडो, टाकीत पाणी असेपर्यंत ती चोवीस तास गळत राहिली असती. वापरानंतरच गळतं म्हणजे बिघाड जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर, नहाणी ट्रॅप (जाळीखालचं, पाणी बाहेर जायचं भांडं), ड्रेनेजचा पाइप नाहीतर टाइलचे सांधे. नंतर आमचा नेहमीचा प्लंबर आला, त्याने जाळी काढली, ट्रॅपच्या तोंडाशी बोट जाईल एवढी फट होती, सिमेंट पार निघून गेलेलं. साफ करून भरलं, दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी टाकू नका म्हणाला. 1,700 रुपये. तेव्हापासून खाली थेंब नाही. किचनच्या नळाला धार बारीक येत होती तीही तो चोर सडलेल्या पाइपमुळे म्हणाला होता, ह्याने नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढली तर हातावर वाळू आणि पांढरे क्षार पडले. धुऊन लावली, धार पूर्ववत. त्याचे पैसेही घेतले नाहीत.

बरं, तक्रार करायला गेले तर त्याची वेगळीच कथा. चौकीत दीड तास बसवून ठेवलं आणि मग साहेब विचारतात, काम केलं ना त्याने, मग फसवणूक कशी, हे दिवाणी मॅटर आहे. दुसऱ्याच्या घरातला गंजका तुकडा आणून माझ्या भिंतीतला म्हणून दाखवायचा, ही फसवणूक नाही? अर्ज ठेवून जा म्हणाले, पोच मागितली तर शिक्का मारणारे सुट्टीवर. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. ज्या साइटवर नंबर मिळाला ते म्हणतात आम्ही फक्त माहिती दाखवतो. सोसायटीचे सेक्रेटरी तर माझ्यावरच उखडले, फोडकामाची परवानगी का घेतली नाही. सगळ्यांचं बोट माझ्याकडे, त्याला शोधायला कुणीच तयार नाही. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवलीय. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण समोरच्याचं नाव पत्ता लिहायचा कुठून? माझ्याकडे फक्त एक बंद नंबर आहे. म्हणून काम सुरू करायच्या आधी नाव, पत्ता आणि एकूण रक्कम कागदावर घ्या, 350 कशाचे, किती वेळा, हेसुद्धा.

फोडायला लागला की दार उघडं ठेवा आणि तिथेच उभे राहा, धूळ गेली नाकात तर जाऊ दे.

ओल आली तर आधी स्वतः बघा. घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघा, काटा फिरत असेल तर लाइन नाहीतर फ्लश टँक. फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाकून अर्धा तास कुणी वापरू नका, भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय, त्याला भिंत फोडायची गरज नसते. बाथरूमची शंका असेल तर नहाणीच्या तोंडात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कपड्याचा बोळा घट्ट बसवून बादलीभर पाणी साचू द्या, तरी खाली गळलं तर टाइलचे सांधे बघायचे, आणि बोळा काढल्यावरच गळलं तर ट्रॅप किंवा पुढचा पाइप. हे मला आमच्या प्लंबरने नंतर शिकवलं.

फोडलेल्या चार टाइलच्या जोडीच्या टाइल आता मिळत नाहीत, तिथे नुसतं सिमेंट आहे. तो गंजका तुकडा मात्र मी टाकलेला नाही. फोटोंची प्रिंट काढलीय, तुकडा पिशवीत बांधून ठेवलाय, मिस्टर रविवारी आले की दोन्ही घेऊन परत चौकीत जाणार आहोत, आणि ह्या वेळी पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.