भाड्याचं घर: लिस्टिंग साइटवर टाकावं की गूगलमधून थेट पाहुणे मिळवावेत?

सुट्टीपुरतं घर भाड्याने देणाऱ्या मालकापुढे दोन वाटा असतात. एअरबीएनबी, व्हीआरबीओ, बुकिंग डॉट कॉम अशा लिस्टिंग साइटवर, म्हणजे अनेक मालकांची घरं दाखवून बुकिंग घेणाऱ्या साइटवर, घर टाकायचं आणि दर बुकिंगमागे कमिशन सोसायचं. नाहीतर स्वतःची वेबसाइट काढून गूगलमधून येणाऱ्या पाहुण्यांचं थेट बुकिंग घ्यायचं. एक-दोनच घरं असतील तर सुरुवात लिस्टिंग साइटवरूनच करावी, असं आमचं ठाम मत आहे. त्यामागे कमिशनपेक्षा मोठी कारणं आहेत.

पहिलं म्हणजे, लिस्टिंग साइटवर टाकतो तसं घर गूगलवर टाकताच येत नाही. बरेच मालक गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलच्या शोधात आणि नकाशावर धंद्याची माहिती व रिव्ह्यू दाखवणारं पान) काढायला जातात आणि तिथेच अडकतात. सुट्टीतली घरं, रिकामे फ्लॅट अशा भाड्याच्या किंवा विक्रीच्या मालमत्तांना त्या प्रोफाइलच्या नियमांतच जागा नाही. तरीही काढलेलं प्रोफाइल पुढे निलंबित होऊ शकतं, आणि त्यावर जमलेले रिव्ह्यूही दिसेनासे होतात.

गूगलच्या हॉटेल शोधात ‘व्हेकेशन रेंटल्स’ म्हणून जी घरं दिसतात, ती गूगलला जोडलेल्या भागीदारांकडून येतात: मोठ्या लिस्टिंग साइट किंवा बुकिंग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्या. एकट्या मालकाला तिथे शिरायचं तर अशा सॉफ्टवेअरची वर्गणी भरावी लागते. 2023 च्या अखेरीस गूगलने या घरांसाठी स्ट्रक्चर्ड डेटाचा (पानाची माहिती सर्च इंजिनला ठरावीक साच्यात सांगणाऱ्या कोडचा) वेगळा प्रकारही आणला, पण त्याच्या अटी वाचल्या की तो कुणासाठी आहे हे कळतं. दर घराचे किमान 8 फोटो लागतात, त्यांत बेडरूम, बाथरूम आणि सामायिक जागा यांचा किमान एकेक. अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढे निदान 5 अंकांपर्यंत हवेत. किती माणसं राहू शकतात तो आकडा हवा आणि घराचा न बदलणारा ओळख क्रमांकही. हे सगळं नीट भरलं तरी गूगलच्या हॉटेल सेंटरशी (भागीदार जिथून घरांची माहिती आणि दर गूगलला देतात त्या खात्याशी) जोडणी असल्याशिवाय उपयोग होत नाही. एका घराच्या मालकाने यात वेळ घालवू नये.

गूगलने स्वतः या धंद्यात हात घालून पाहिला होता. गूगल मॅप्सवर घरांच्या जाहिराती शोधण्याची सोय होती. फेब्रुवारी 2011 मध्ये ती बंद झाली. वापर कमी, आणि घरं शोधण्याची चांगली साधनं मालमत्तांच्या साइटवर आधीच आहेत, अशी कारणं तेव्हा गूगलनेच दिली होती.

खरी अडचण ताजेपणाची आहे. भाड्याच्या घराची माहिती तासातासाला शिळी होते: आज रिकाम्या असलेल्या तारखा संध्याकाळी भरतात. लिस्टिंग साइटच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये बुकिंग होताक्षणी तारीख बंद होते. सर्च इंजिनला मात्र तुमचं पान पुन्हा वाचून जावं लागतं आणि छोट्या साइटकडे ते रोज फिरकेलच असं नाही. गूगलचं इंडेक्सिंग एपीआय (पान बदलल्याचं गूगलला थेट कळवण्याची सोय) वापरून पान लगेच कळवावं असा सल्ला काही जण देतात. ते एपीआय फक्त नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांसाठी आहे. म्हणून स्वतःची साइट केलीच, तर दर घराचं एकच कायमचं पान ठेवा आणि तारखा व दर त्या पानावरच्या कॅलेंडरमधून दाखवा. ‘अमुक महिन्यात उपलब्ध’ अशी वेगळी पानं काढू नका. हंगाम सरला तरी ती शोधात दिसत राहतात. साइटमॅपमध्ये, म्हणजे सर्च इंजिनसाठी ठेवलेल्या पानांच्या यादीत, ‘लास्टमॉड’ची (पान शेवटचं कधी बदललं ती) तारीख खरी द्या. ती नेहमी अचूक असेल तरच गूगल ती जमेस धरतं. त्याच यादीतले ‘प्रायॉरिटी’ (पानाचं महत्त्व) आणि ‘चेंजफ्रीक’ (पान किती वेळा बदलतं) हे रकाने भरून काहीच होत नाही.

विश्वासाच्या बाबतीत लिस्टिंग साइट बरीच पुढे आहे. एअरबीएनबी पाहुण्याकडून पैसे आधी घेते आणि मालकाला साधारणपणे पाहुणा आल्यानंतर 24 तासांनी वळते करते. दोघांना एकमेकांबद्दल लिहायला 14 दिवस मिळतात आणि दोघांनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावरच रिव्ह्यू दिसतात, म्हणून सूड उगवण्याला आळा बसतो. स्वतःच्या साइटवर अनामत रक्कम, रद्द करण्याचे नियम, परतावा आणि बँकेकडून उलटवलेलं पेमेंट हे सगळं तुम्हालाच निस्तरावं लागतं. तुमचे फोटो चोरून कुणी खोटी जाहिरात टाकली, तर लिस्टिंग साइटवर एका तक्रारीत ती उतरवता येते. सर्च इंजिनात दिसणारी बनावट साइट उतरवण्यासाठी होस्टिंग कंपनी आणि गूगल यांच्याकडे वेगवेगळ्या तक्रारी कराव्या लागतात.

मात्र हे रिव्ह्यू त्या साइटच्याच मालकीत राहतात. साइट सोडली की शून्यापासून सुरुवात, ही तिची खरी किंमत आहे आणि कमिशनच्या आकड्यात ती दिसत नाही.

आता पैसे. कमिशन बुकिंग झालं तरच जातं, स्वतःच्या साइटसाठी गूगलवर दिलेल्या जाहिरातीचा क्लिक मात्र बुकिंग न होताही पैसे खातो. समजा, बुकिंगची रक्कम 2000 आणि साइटचं कमिशन 15 टक्के, म्हणजे 300 गेले. क्लिकला 4 पडत असतील आणि 60 क्लिकमागे एक बुकिंग मिळत असेल, तर 240 गेले. जाहिरात स्वस्त वाटते, पण त्यात पेमेंट गेटवेचं शुल्क आणि सॉफ्टवेअरची वर्गणी मिळवा. शिवाय 60 चे 80 क्लिक झाले की 320 होतात आणि फायदा संपतो. स्वतःचा हा आकडा माहीत नसताना जाहिरातीवर मोठी रक्कम लावू नये.

शोधाच्या पानाची मांडणीही तुमच्या हातात नसते. तुलना करणाऱ्या साइटना मागे ढकलून स्वतःची खरेदी सेवा पुढे केल्याबद्दल युरोपीय आयोगाने 2017 मध्ये गूगलला 2.42 अब्ज युरो दंड केला. सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. बड्या ऑनलाइन कंपन्यांना आवर घालणाऱ्या तिथल्याच डिजिटल मार्केट्स कायद्याच्या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर 2024 मध्ये गूगलने जर्मनी, बेल्जियम आणि एस्टोनियात हॉटेलांचा नकाशा व माहितीचा चौकोन काढून नुसत्या निळ्या लिंक दाखवून पाहिल्या. अशा एका प्रयोगाने तुमच्याकडे येणारी वर्दळ एका रात्रीत बदलू शकते.

एकाच परिसरात पाच-सहा घरं असतील, पुन्हा पुन्हा येणारे पाहुणे असतील आणि फोन उचलायला माणूस असेल, तर स्वतःची साइट परवडते. तेव्हाही लिस्टिंग साइट सोडू नका, दोन्ही चालवा. घराला वेगळं, लक्षात राहणारं नाव द्या; लिस्टिंगमध्ये पाहिलेलं नाव गूगलमध्ये टाकून पाहणारे पाहुणे असतात. पण लिस्टिंग साइटच्या संदेशांतून कुणाला बाहेर बुकिंग करायला सांगू नका. एअरबीएनबीच्या नियमांत त्याला मनाई आहे आणि लिस्टिंग बंद होऊ शकतं.

दोन्ही चालवताना सर्वाधिक फटका दुहेरी बुकिंगचा बसतो. आयकॅल लिंकने (एका साइटचं कॅलेंडर दुसरीला वाचू देणाऱ्या पत्त्याने) कॅलेंडर जोडणं फुकट असतं, पण एक साइट दुसरीचं कॅलेंडर ठरावीक वेळाने, बहुधा काही तासांनीच वाचते. त्या मधल्या वेळात दोन्हीकडे तीच तारीख विकली जाते. शिवाय आयकॅलमधून दर जात नाहीत, फक्त बंद तारखा जातात. लिंक दोन्ही दिशांनी जोडा, एक खोटी तारीख बंद करून ती पलीकडे दिसायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, आणि त्याहून कमी सूचनेची बुकिंग एकाच साइटवर सुरू ठेवा. तेवढ्याने भागत नसेल, तर एपीआयने, म्हणजे थेट जोडणीने, सगळ्या साइट एकत्र सांभाळणारं चॅनल मॅनेजर सॉफ्टवेअर घ्या. त्यात तारखा आणि दर काही क्षणांत सगळीकडे पोचतात.