तीन बोल्टचं डेडबोल्ट कुलूप, १४ महिन्यांच्या वापरानंतर

चोरी झाली त्या दिवशी आमचं जुनं लॅच शाबूत होतं. हे आधी सांगते, कारण नवं कुलूप घेतानाचा माझा सगळा विचार तिथूनच सुरू झाला. दुपारी जेमतेम दीड तास घर बंद होतं. आईला डोळे तपासायला घेऊन गेले होते. परत आलो तर दार नुसतं लोटलेलं. पोलीस येऊन गेल्यावर मी जुन्या लॅचला किल्ली लावून पाहिली, तर ते नेहमीसारखं गुपचूप फिरलं. मोडली होती ती चौकट. फटीत कटावणी घालून रेटा दिलेला आणि लॅचची जीभ ज्या पट्टीत अडकते ती पट्टी स्क्रूंसकट उपटून निघालेली. ते दोन स्क्रू मी फरशीवरून उचलले. बोटाच्या एका पेराएवढेही नव्हते, आणि आट्यांमध्ये लाकडाचा भुसा अडकला होता. इतकी वर्षं आम्ही दोघी त्यांच्या भरवशावर झोपत होतो. वडिलांचं मनगटी घड्याळ गेलं, ते परत मिळालं नाही.

मग हे कुलूप घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला बसतं, बाहेरून किल्ली, आतून फिरवायचा नॉब. लॅचची जीभ तिरकी असते आणि स्प्रिंगवर चालते. दार ओढलं की आपोआप बसते, ही सोय खरी, पण फटीतून पातळ प्लास्टिकचं कार्ड सरकवून तीच जीभ मागे ढकलता येते. डेडबोल्टला तशी स्प्रिंग नसते. पोलादी बोल्ट किल्लीने पुढे जातात आणि किल्लीने किंवा नॉबनेच मागे येतात. आमच्या कुलपात किल्लीचे दोन फेरे झाले की तिन्ही बोल्ट २५ मिमी बाहेर येतात. मोजपट्टी लावून मी स्वतः मोजलं. एकाच फेऱ्यावर सोडलं तर साधारण निम्मेच येतात, म्हणून दुसरा फेरा विसरायचा नाही.

आता तक्रार. एवढं दणकट कुलूप, आणि चौकटीवरच्या पट्टीसाठी डब्यात दिलेले स्क्रू २५ मिमीचे! ते हातात घेतले आणि फरशीवरचे ते दोन आठवले. मला खरंच राग आला. सुतारकाकांनीही ते बाजूला ठेवले. म्हणाले, "ताई, हे नुसतं लाकूड धरतील. पकड भिंतीत पाहिजे." मग नायलॉन प्लगवाले १०० मिमीचे स्क्रू आणले. काकांनी चौकटीतून आरपार भिंतीत भोकं पाडली, पटाशीने खाच इतकी नेमकी कोरली की पट्टी लाकडाच्या पातळीत बसली, आणि मगच स्क्रू आवळले. कुलूप बसवायला पाऊण तास लागला असेल, चौकटीला दोन तास. कुणी हे कुलूप घेणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे की स्क्रू वेगळे घ्या आणि बसवताना समोर उभं राहा. डब्यातलेच स्क्रू लावले तर पैसे कुलपाला मोजाल आणि चौकट होती तशीच राहील.

दुकानात मात्र सगळं बोलणं किल्लीवर होतं. किती पिना, किती खळगे, नक्कल किती अवघड. किल्ली चांगलीच आहे, दात्यांऐवजी खळग्यांची, पाच नग सीलबंद पाकिटात. आतली रचना मूळची तीच, लायनस येल या अमेरिकन कुलूपकाराने १८६१ आणि १८६५ मध्ये जिची पेटंटं घेतली: स्प्रिंगवर बसलेल्या पिनांची रांग, आणि योग्य किल्लीने सगळ्या एका रेषेत आल्या की सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो गोल भाग, फिरतो. पण किल्लीवाचून कुलूप उघडणं हे बहुतेक वेळा निवांतपणाचं काम आहे. लंडनमध्ये ब्रामा या कुलूपकाराचं एक कुलूप उघडून दाखवा म्हणून कित्येक दशकं आव्हान देऊन ठेवलं होतं. १८५१ मध्ये हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडलं, तेव्हा त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. आमच्याकडे आलेल्या माणसाने किल्लीच्या भोकाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणून पिनांच्या संख्येपेक्षा बोल्टची लांबी आणि पट्टीचा पत्रा किती जाड आहे, ते आधी विचारा.

आतून नॉब घ्यायचा की आतूनही किल्ली, यावर घरात बरीच चर्चा झाली. दोन्हीकडून किल्लीचं कुलूप जास्त सुरक्षित वाटतं. पण रात्री आग लागली, धूर झाला, तर ७८ वर्षांच्या आईने अंधारात किल्ली कुठे शोधायची? मी नॉबच घेतला आणि आजही तोच घेईन. आमच्या दाराला किंवा शेजारी काच नाही, त्यामुळे काच फोडून आत हात घालण्याची भीती नाही. तुमच्या दाराला काच असेल तर हा प्रश्न आधी सोडवा, कुलूप नंतर.

वापरताना दोन त्रास झाले. पहिल्या महिन्यात फेरा जड जायचा, आईचं मनगट दुखायचं. मी तेल सोडणार होते, काकांनी अडवलं. तेलावर धूळ बसते आणि पिना चिकटतात. ग्रॅफाइटची पूड फुंकली, तेव्हापासून फेरा हलका झाला. दुसरा त्रास हवा दमट झाली तेव्हाचा. दार फुगलं आणि खालचा बोल्ट पट्टीच्या कडेला घासू लागला. दोष कुलपाचा नव्हता, पण तीन बोल्ट असले की तिन्ही नेमके जुळावे लागतात. कानशीने कड जराशी घासावी लागली.

आणखी एक गोष्ट, जी विकणारे सांगत नाहीत. हे दार नुसतं ओढून घेतलं की कुलूप लागत नाही. पाच मिनिटांसाठी खाली जातानाही किल्ली फिरवावीच लागते. सुरुवातीला आई विसरायची. मग तिने स्वतःच एक सवय लावून घेतली: दोन "खट्" मोजायचे, दार एकदा तळहाताने दाबून पाहायचं आणि मगच जिन्याकडे वळायचं. आता मी घाईत असले तर तीच मला थांबवते. जास्तीची किल्ली पूर्वी कुंडीखाली असायची, ती आता शेजारच्या काकूंकडे आहे.

कुलूप मी पुन्हा हेच घेईन, स्क्रू मात्र माझे. मागच्या दाराला अजून जुनीच पट्टी आहे. काल तिचा एक स्क्रू काढून पाहिला, तोही तेवढाच आखूड निघाला. १०० मिमीचे सहा आणून ठेवलेत, रविवारी काका येणार आहेत.