दाखवला एक, बसवला दुसरा: व्हील स्पेसरच्या नावाखाली झालेली फसवणूक

गाडीला व्हील स्पेसर बसवून घ्यायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे. दुकान पुण्यातलं आहे, मोठं आहे, काचेच्या कपाटात माल मांडून ठेवणारं आहे, एवढं पुरे. फसवणुकीची पद्धत मात्र सगळी सांगते. ती या एकाच दुकानात चालते असं मला वाटत नाही.

माझी गाडी फोक्सवॅगन पोलो. चाकणच्या कारखान्यात बनायची, २०२२ मध्ये बंद झाली. त्यामुळे ज्यांच्याकडे आहे ते जिवापाड जपतात आणि थोडीफार नटवतातही. पोलोची मागची चाकं वरच्या पत्र्याच्या कमानीच्या आत ओढल्यासारखी दिसतात. ती जराशी बाहेर यावीत म्हणून मागच्या जोडीला १५ मिलिमीटरचे स्पेसर घ्यायचं मी ठरवलं. स्पेसर म्हणजे हब (गाडीचा ज्या फिरत्या भागावर चाक बसतं तो) आणि चाक यांच्यामध्ये बसणारी धातूची जाड चकती. दिसायला साधी, पण सगळं चाक तिच्यावर टेकलेलं असतं.

दुकानात जाताना मापं मी कागदावर लिहून नेली होती. पोलोच्या चाकाला पाच बोल्ट, ते ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास १०० मिलिमीटर, म्हणजे आपण ज्याला पीसीडी ५ बाय १०० म्हणतो तो. हबची मधली गोल कड ५७.१ मिलिमीटरची. बोल्ट एम१४, म्हणजे १४ मिलिमीटर जाडीचा, आट्यांचं अंतर दीड मिलिमीटर. कंपनीच्या अलॉय चाकांसाठी बोल्टच्या डोक्याखालचा भाग गोल, चेंडूसारखा असतो. बाजारातल्या बऱ्याच अलॉयना लागतो तसा शंकूच्या आकाराचा नसतो. माझ्या मूळ बोल्टचा आट्यांचा दांडा २७ मिलिमीटरचा, म्हणजे १५च्या स्पेसरबरोबर ४२चा हवा. हे सगळं मी काउंटरवर वाचून दाखवलं. मालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर आमच्यापेक्षा जास्त अभ्यास करून आलात, आपल्याकडे एक नंबर माल आहे."

काउंटरवर जो नमुना ठेवला तो खरोखरच चांगला होता. आतून ५७.१चं भोक, बाहेरच्या बाजूला चाकाला मध्यावर धरणारी तेवढ्याच मापाची कड, पाचच भोकं, कापणीच्या बारीक एकसारख्या रेषा. वर कोरलेलं 'फोर्ज्ड ६०६१-टी६'. फोर्ज्ड म्हणजे घडीव, ६०६१ हा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा क्रमांक आणि टी६ म्हणजे त्याला उष्णतेची प्रक्रिया करून आणलेली मजबुती. चांगल्या स्पेसरसाठी हा धातू योग्यच. "एआरएआय पास आहे," असंही सांगितलं. एआरएआय ही वाहनांची आणि सुट्या भागांची चाचणी करणारी संस्था पुण्यातच, कोथरूडला आहे, म्हणून मी चाचणीचा कागद मागितला. "ऑफिसात आहे, बिलाबरोबर देतो." तो कागद मला आजतागायत मिळालेला नाही.

पैसे घेतल्यावर गाडी मागच्या शेडमध्ये नेली. ग्राहकांनी आत यायचं नाही, विम्याचा नियम आहे, असं सांगून मला पुढे बसवलं. काम झाल्यावर चाकं बाहेर आलेली दिसत होती, गाडी छान दिसत होती. बिलावर लिहिलं होतं, 'स्पेसर १ सेट, फिटिंगसह'. धातू नाही, माप नाही, बोल्टचा उल्लेख नाही. मी तपशील लिहून मागितला तर "सिस्टिममध्ये एवढंच येतं" हे उत्तर.

महामार्गावर गाडी ऐंशीच्या पुढे गेली की सीट थरथरायला लागली. स्टिअरिंग शांत, थरथर पाठीखाली. पुढच्या चाकात दोष असला की सहसा स्टिअरिंग हलतं; सीट आणि गाडीचा तळ हलत असेल तर मागे बघायचं. हे मी दुकानात जाऊन सांगितलं. त्यांनी चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं, त्याचे पैसे घेतले. थरथर तशीच. मग अलाइनमेंट, त्याचेही पैसे. तरी तशीच. शेवटी म्हणाले टायरच्या आतले पट्टे सुटलेत, मागचे दोन्ही टायर बदला, आणि लगेच दर सांगायला लागले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण याच्याच जोरावर हे लोक आपल्याला फिरवत ठेवतात. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक चढवतात ते चाकाच्या स्वतःच्या मधल्या भोकातून. स्पेसर तिकडे गाडीवरच राहतो. त्यामुळे मशीन दरवेळी शून्य दाखवतं, चाक निर्दोष ठरतं, आणि ते खरंही असतं. दोष असतो चाक गाडीवर बसण्यात. स्पेसरला मध्यावर धरणारी कड नसेल तर चाक हबच्या केंद्रापासून थोडंसं सरकून बसतं आणि सरकलेलंच फिरतं. रोज चाकं काढणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. स्पेसर काढून बघा असं मी दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा विषय टायरवर नेला.

खरं काय ते कराडला कळलं. कोल्हापूरला जाताना मागून डाव्या बाजूला टक् टक् आवाज यायला लागला, वेग कमी केला की वाढायचा. गाडी हळूहळू बाजूला घेतली आणि जवळच्या गॅरेजमधून एका मेकॅनिकला बोलावलं. त्यांनी बोल्टला पाना लावला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, हे बोल्ट कुणी बसवले? चार फेऱ्यांत बाहेर येतायत." दोन बोल्ट तर आधीच ढिले होते.

मी त्यांना थांबवलं, फोनवर चित्रण सुरू केलं आणि मग पुढचं सगळं कॅमेऱ्यासमोर काढायला लावलं. बोल्टचा दांडा ४२ ऐवजी ३५चा. म्हणजे हबमध्ये जेमतेम सहा मिलिमीटर शिरलेला. एम१४च्या अशा बोल्टचे निदान साडेसात पूर्ण फेरे हबमध्ये बसायला हवेत. डोक्याखालचा भाग शंकूचा, माझ्या चाकातली जागा गोल. दोन वेगळे आकार एकमेकांवर बसवले की ते एका बारीक रेषेवर टेकतात. पाना लावताना घट्ट वाटतं, पण चाक फिरत राहिलं की ती रेषा झिजते आणि बोल्ट सुटतो. माझ्या अलॉयच्या पाचही भोकांत ती झीज चकाकत होती.

आणि स्पेसर? तो मी काउंटरवर पाहिलेला नव्हताच. पाचाच्या जागी दहा भोकं, म्हणजे १००च्या वर्तुळावर पाच आणि ११२च्या वर्तुळावर पाच, कुठल्याही गाडीला चालावा म्हणून पाडलेली. त्यामुळे दोन भोकांमध्ये धातूच कमी उरलेला. मधलं भोक ६६ मिलिमीटरच्या वर, ५७.१च्या हबवर ते सैल डोलणारच. बाहेरची कड नाहीच. वर तोच 'फोर्ज्ड ६०६१-टी६' शिक्का. मेकॅनिकनी कानशीने काळा रंग खरवडला तर खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले. साच्यात ओतलेल्या धातूत असे खड्डे असतात, घडीव धातू कापून केलेल्या चकतीत नसतात. डाव्या स्पेसरला एका भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत भेग गेली होती. शिक्का कोरायला लेझरचं मशीन पुरतं, हे मी त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

त्या मेकॅनिकदादांचे मी मनापासून आभार मानते. त्यांनी दोन्ही स्पेसर काढले, डिकीत पडलेले माझे मूळ बोल्ट हाताने पूर्ण फिरवून पाहिले, हबचे आटे तपासले आणि मगच चाकं चढवली. बोल्ट कसायचा जोर, म्हणजे टॉर्क, कंपनीने १२० न्यूटन मीटर सांगितला आहे म्हटल्यावर शेजारच्या गॅरेजमधून तो जोर मोजणारा पाना, टॉर्क रेंच, मागून आणला. पैसे सांगितले ते फक्त चाकं काढण्या-लावण्याचे.

पुण्यात परत आल्यावर दुकानदाराने पहिला आरोप कराडच्या माणसावर केला: त्यानेच माल बदलला. चित्रण दाखवल्यावर भाषा बदलली, "पोरांकडून चुकून दुसरा सेट लागला." चुकून लागलेल्या सेटवर तोच शिक्का कसा, आणि तीनदा गाडी आणूनही स्पेसर काढून का पाहिला नाही, याचं उत्तर नाही. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवली. त्यानंतर स्पेसरचे पैसे परत आले. बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि खराब झालेल्या दोन अलॉयचे पैसे द्यायला नकार मिळाला, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेले. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. स्पेसर, बोल्ट, बिल, चित्रण सगळं मी जपून ठेवलं आहे. दुकानदार "जुना माल जमा करा, मग पैसे देतो" म्हणेल. देऊ नका. तोच पुरावा आहे.

स्पेसर लावूच नयेत असं मी म्हणणार नाही. जर्मनीत ते तांत्रिक अहवालासह विकले जातात आणि लोक वर्षानुवर्षं वापरतात. पण चांगला स्पेसरसुद्धा चाक बाहेर ढकलतो, म्हणजे बेअरिंगवरचा भार वाढतो, आणि कमानीला टायर घासतो का ते गाडी पूर्ण भरून तपासावं लागतं. पाच मिलिमीटरच्या पातळ चकतीला स्वतःची कड ठेवता येत नाही आणि ती हबची कडही खाऊन टाकते, त्यामुळे ती घेताना जास्त जपायला हवं. बोल्ट लांब घ्यायचे म्हणून वाटेल तेवढे लांब घेऊनही चालत नाही. मागच्या ड्रममध्ये टोक आतल्या भागांना घासू शकतं. स्पेसर बसवून चाक हाताने फिरवून बघणं म्हणूनच गरजेचं. कायद्याचंही ध्यानात ठेवा. नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील अशा बदलाला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. विमा कंपनीला बदल लेखी कळवलेला नसेल तर अपघातानंतर दावा अडू शकतो. "सगळं पास आहे" म्हणणाऱ्या दुकानदाराचं यातलं काहीही अडत नाही.

ज्यांच्या गाडीला नुकतेच स्पेसर लागलेत आणि बसवताना ज्यांना शेडबाहेर थांबवलं होतं, त्यांनी या आठवड्यात एक चाक उतरवून घ्या, स्वतः समोर उभं राहून. भोकं मोजा, गरजेपेक्षा जास्त असतील तर तो माल फक्त तुमच्या गाडीसाठी केलेला नाही. मधलं भोक व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) मोजा आणि हबच्या मापाशी ताडून पाहा. बोल्ट हाताने घट्ट करताना फेरे मोजा. माझ्यासारखा एम१४ बोल्ट साडेसातच्या आत थांबला तर त्या बोल्टवर गाडी चालवू नका, स्पेसर काढून, मूळ बोल्ट लावून घरी या. सगळं बरोबर निघालं तर टॉर्क रेंचने कसून घ्या, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा टॉर्क तपासून घ्या.