फोकस सॅश : एका टर्नचं कवच, तेही अटी लागू

पोकेमॉनच्या स्पर्धात्मक लढतींत नवखा माणूस टीम बांधायला बसला की सहापैकी एकाला तरी फोकस सॅश हा आयटम (पोकेमॉननं जवळ बाळगायची वस्तू) देतोच. वर्णनच तसं भुरळ पाडणारं आहे. धारकाचा एचपी (जीवशक्ती) पूर्ण असताना एकाच घावात तो गारद होणार असेल, तर तो १ एचपीवर तगतो आणि सॅश संपते. यातले ‘पूर्ण’ आणि ‘एकाच’ हे दोन शब्द बहुतेक जण नजरेआड करतात. मग सॅश जागची न हलता पोकेमॉन गेला की आयटमच्या नावानं बोटं मोडायची.

पोकेमॉन गेम्सच्या चौथ्या पिढीत, २००६ साली, डायमंड आणि पर्लबरोबर हा आयटम आला. त्याचं जपानी नाव किआई नो तासुकी. तासुकी म्हणजे कामाला लागताना किमोनोच्या बाह्या वर बांधून ठेवायची दोरी. आपल्याकडे पदर खोचतात, त्यातलाच प्रकार. नाव अगदी नेमकं आहे, कारण सॅशनं अंगावर चिलखत चढत नाही. फक्त एक काम उरकण्यापुरती उसंत मिळते. ते काम कोणतं, हे टीम बांधतानाच ठरलेलं नसेल तर तिथे दुसरा आयटम द्यावा.

किमतीचं म्हणाल तर तेव्हा ती ४८ बॅटल पॉइंटला मिळायची आणि तेवढे जमवताना घाम निघायचा. पोकेमॉन शोडाउन या ऑनलाइन सिम्युलेटरवर मात्र ब्राउझर उघडायचा, यादीतून निवडायची, झालं. ऑनलाइन लढतीत खर्ची पडलेली सॅश सामना संपल्यावर परतही मिळते. खरी किंमत वेगळीच आहे. व्हीजीसीमध्ये, म्हणजे अधिकृत डबल्समध्ये (दोन विरुद्ध दोन), एका टीममध्ये एक आयटम एकदाच वापरता येतो. एकाला सॅश दिली की बाकी पाच जणांना ती नाही.

आता ती कुठे तोकडी पडते ते बघू. सॅश फक्त मूव्हच्या (पोकेमॉनच्या चालीच्या) थेट घावाला अडवते आणि तिला एचपी शंभर टक्के लागतो. एक एचपी जरी कमी असला तरी ती नसल्यात जमा. वाळूचं वादळ दर टर्नला एक षोडशांश एचपी खातं (रॉक, ग्राउंड आणि स्टील टाइपवाले सुटतात). टायरॅनिटार किंवा हिपोडॉन समोर आला की बाकीच्यांची सॅश पहिल्या टर्नच्या शेवटीच निकामी होते. आठव्या पिढीपर्यंत गारपीटही हेच करायची. नवव्या पिढीतला बर्फ इजा करत नाही, एवढाच दिलासा. विष, भाजणं, लीच सीड, स्वतःची सब्स्टिट्यूट, स्वतःच्या फ्लेअर ब्लिट्झचा रिकॉइल (उलटा बसणारा मार) हे सगळे सॅशचे वैरीच. एकाहून जास्त फटके देणारी मूव्ह आली तर पहिला फटका सॅश फोडतो आणि दुसरा जीव घेतो. रॅपिड स्ट्राइक उर्शिफूची सर्जिंग स्ट्राइक्स तीनदा लागते. ड्रॅगापल्टची ड्रॅगन डार्ट्स सिंगल्समध्ये दोनदा लागते.

मोल्ड ब्रेकर या अ‍ॅबिलिटीबद्दल (अंगभूत गुणाबद्दल) मात्र उगाच भीती आहे. तो सॅशसारखंच वाचवणाऱ्या स्टर्डी या अ‍ॅबिलिटीला बगल देतो, सॅशला नाही, कारण सॅश हा आयटम आहे. आयटम उडवून लावणाऱ्या नॉक ऑफचंही तसंच. तिच्या घावानं पूर्ण एचपीवाला पोकेमॉन मरणार असेल तर सॅश आधी काम करते आणि तो १ एचपीवर उरतो. मरणार नसेल तर एचपीही जातो आणि सॅशही. म्हणजे हलका नॉक ऑफ हा जड नॉक ऑफपेक्षा वाईट!

डबल्समध्ये सॅशचा सगळ्यात ओळखीचा मानकरी व्हिम्सिकॉट. प्रँक्स्टर या अ‍ॅबिलिटीमुळे त्याचा टेलविंड +१ प्रायॉरिटीनं (वेग न बघता आधी) लागतो आणि आपल्या बाजूचा वेग चार टर्न दुप्पट होतो. बांधा नाजूक, काम एकच, तेही पहिल्याच टर्नला. सॅशसाठी याहून चांगला उमेदवार नाही. तरी हाच व्हिम्सिकॉट लॅडरवर (ऑनलाइन क्रमवारीच्या लढतींत) सॅश तशीच कनवटीला ठेवून मरताना रोज दिसतो. का, ते आकड्यांत बघा.

लेव्हल ५०, एचपीत ईव्ही (सरावाचे वाढीव गुण) नाहीत, म्हणजे व्हिम्सिकॉटचे एचपी १३५. समोर इन्सिनरोर, अटॅकमध्ये ईव्ही नसलेला. त्याची साधी फेक आउट व्हिम्सिकॉटला २० ते २४ इजा करते. उरले १११ ते ११५. फेक आउटची प्रायॉरिटी +३, त्यामुळे ती प्रँक्स्टरच्या आधी लागते, व्हिम्सिकॉट बिचकतो आणि टेलविंड राहून जातो. पुढच्या टर्नला त्याच इन्सिनरोरची फ्लेअर ब्लिट्झ १७४ ते २०६ मारते. फेक आउट बसली नसती तर हाच घाव १ एचपीवर थांबला असता आणि वर १३४ च्या एक तृतीयांश, म्हणजे ४४ च्या आसपास, रिकॉइल इन्सिनरोरच्याच बोकांडी बसला असता. पहिल्या २० एचपींनी टेलविंड घालवला आणि सॅशही घालवली.

यावर पहिला उपाय सुचतो तो शेजारी फॉलो मी (शत्रूचे घाव स्वतःवर ओढणारी मूव्ह) वापरणारा पोकेमॉन उभा करण्याचा. तो फसतो. फॉलो मीची प्रायॉरिटी +२ आणि फेक आउटची +३, त्यामुळे लक्ष वेधलं जाण्याआधीच थप्पड बसलेली असते. चालणारे उपाय तीन. एक, शेजारी सायकिक सर्जवाला (येताच सायकिक टेरेन पसरवणारा) इंडीडी आणायचा. सायकिक टेरेनमध्ये जमिनीवर असलेल्यावर शत्रूची प्रायॉरिटी मूव्ह चालत नाही, आपला टेलविंड मात्र लागतो. आर्मर टेलवाला फॅरिजिराफही हे काम करतो, आणि त्याला टेरेन बदललं जाण्याची धास्ती नसते. दोन, घोस्ट टेरा, म्हणजे टेरास्टलायझेशननं आपला टाइप घोस्ट करणं. टेरास्टलायझेशन मूव्हच्या आधी होतं आणि घोस्टला फेक आउट लागतच नाही. पण टेलविंडसाठी टेरा खर्चणं म्हणजे सुतळी बांधायला रेशीम वापरणं. तीन, पहिल्या टर्नला सरळ प्रोटेक्ट (+४). फेक आउट मैदानात उतरल्यानंतरच्या पहिल्याच टर्नला चालते, त्यामुळे ती वाया जाते आणि टेलविंड दुसऱ्या टर्नला लागतो. इन्सिनरोर पार्टिंग शॉट मारून निघून पुन्हा येईल, पण त्याला दोन टर्न लागतील. तेवढ्यात तुमचं काम झालेलं असतं.

दुसरा मानकरी चिएन-पाओ, आणि त्याचं गणित वेगळं. तो काम करून मरायला आलेला नाही, त्याला शेवटपर्यंत मारत राहायचंय. २५२ स्पीड ईव्ही आणि जॉली स्वभाव घेतला की लेव्हल ५० ला वेग २०५ होतो. बहुतेकांच्या आधी तोच मारतो, सॅश लागते ती एखादा वाचलेला उलटून मारतो तेव्हा. १ एचपीवर आला तरी सकर पंच हातात असतोच, फक्त समोरचा त्या टर्नला हल्ला करणार असला पाहिजे. इथे लोक चुकतात ते मूव्ह निवडताना. समोर रॉकी हेल्मेटवाला अमूंगस असेल आणि तुम्ही आइस स्पिनर मारलात तर स्पर्श होतो आणि चिएन-पाओच्या १५५ पैकी एक षष्ठांश, म्हणजे २५ एचपी जातात. सॅश तुम्हीच फोडलीत. आइसिकल क्रॅश मारली असती तर स्पर्शच नव्हता. तिची अचूकता ९०, आइस स्पिनरची १००, म्हणून कित्येक जण आइस स्पिनर घेतात. टीममध्ये सॅश चिएन-पाओकडे असेल तर दहातला एक नेम चुकला तरी आइसिकल क्रॅशच बरी. गारचॉम्पच्या रफ स्किनचाही हाच धोका, तिथे एक अष्टमांश जातं.

ईव्ही कुठे घालायचे यावर फार डोकं लावू नये. सॅशवाल्याला अटॅकमध्ये २५२, स्पीडमध्ये २५२, उरलेले ४ कुठेही. डिफेन्सवर ईव्ही घालून शिवाय सॅश देणं म्हणजे पावसाळ्यात रेनकोटवर छत्री. घाव आपल्याच अंगानं सोसायचा असेल तर असॉल्ट व्हेस्ट द्या. स्पेशल डिफेन्स दीडपट होतो, स्टेटस मूव्ह वापरता येत नाहीत, आणि ती सामनाभर टिकते.

आणखी एक हमखास होणारी गफलत म्हणजे आपल्याच जोडीदाराची अर्थक्वेक. ती शेजाऱ्यालाही लागते. गारचॉम्प आणि सॅशवाला शेजारी ठेवायचे असतील तर तो उडणारा तरी हवा, नाहीतर अर्थक्वेकऐवजी स्टॉम्पिंग टँट्रम घ्या.

आता ६ विरुद्ध ६ सिंगल्स (मैदानात एकास एक). इथे आमचं मत स्पष्ट आहे: लीड (पहिला उतरणारा) सोडून कुणालाही सॅश देऊ नका. कारण स्टेल्थ रॉक ही समोरच्या बाजूला खडे पसरणारी मूव्ह. मैदानात येणाऱ्याला रॉकशी नातं कसं आहे त्यावर इजा ठरते. साधं असेल तर एक अष्टमांश, कमजोरी असेल तर पाव, दुहेरी कमजोरी असेल तर निम्मा एचपी. रॉकचा प्रतिकार करणाऱ्यालाही थोडं ओरखडतंच. खडे एकदा पडले की मागे बसलेल्यांच्या सॅश म्हणजे नुसतं ओझं. पाचव्या-सहाव्या पिढीत याला एक देखणा अपवाद होता, मॅजिक गार्डवाला अलकझाम. त्याला खडे, वाळू, विष काहीच लागत नसे, त्यामुळे सामन्याच्या मध्यावरही त्याची सॅश शाबूत असायची. नवव्या पिढीच्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये अलकझाम नाही.

नवव्या पिढीत लीड म्हणून आदर्श ग्लिमोरा. ग्राउंडविरुद्ध चौपट कमजोर, आणि ग्रेट टस्कचा बेस वेग ८७ विरुद्ध हिचा ८६, म्हणजे अर्थक्वेक आधी येणार हे धरूनच चालायचं. तीच खरी मेख आहे. अर्थक्वेक लागली, सॅशनं १ एचपीवर रोखलं, आणि तो शारीरिक घाव असल्यामुळे टॉक्सिक डेब्री या अ‍ॅबिलिटीनं समोरच्या पायाशी विषारी काटे पसरले. त्यावर त्याच टर्नला ग्लिमोराची स्टेल्थ रॉक पडते. एका सॅशच्या बदल्यात दोन सापळे लागले. टस्कनं अर्थक्वेकऐवजी खडे साफ करणारी रॅपिड स्पिन मारली तर मात्र सॅश तिथेच गेली, आणि खडे पडायच्या आधीच स्पिन झालेली असल्यामुळे ते टिकतात. हा सौदाही वाईट नाही.

गंमत म्हणून एक जुना डाव सांगायलाच हवा. लेव्हल १ चा रटाटा, हातात सॅश. समोरचा काहीही मारो, हा १ एचपीवर उरतो, एन्डेव्हर मारून समोरच्याचाही एचपी १ वर आणतो आणि पुढच्या टर्नला क्विक अटॅकनं संपवतो. दैत्याला उंदरानं पाडलेलं बघायला मजा येते. समोर घोस्ट आला, वाळू उडाली किंवा खडे असले की डाव बाराच्या भावात.

सॅशची तुलना हमखास फोकस बँडशी होते. बँडला पूर्ण एचपीची अट नाही आणि तो खर्चीही पडत नाही, पण वाचण्याची शक्यता फक्त १० टक्के. म्हणजे मटक्याचा आकडा. कुणी चांगला खेळाडू तो वापरत नाही, आणि त्यानं जिंकलेला सामना समोरच्याच्या आयुष्यभर लक्षात राहतो.

सॅश एकदा न वापरता एचपी कमी झाला तर ती कायमची गेली असं नाही, हे फार कमी जण वापरतात. जोडीदाराच्या पोलन पफनं किंवा अन्य उपचारानं एचपी पुन्हा पूर्ण झाला की सॅश पुन्हा जिवंत. व्हिम्सिकॉटनं टेलविंड लावून झाल्यावर हे करण्यात अर्थ नाही, पण १३० एचपीवर अडकलेल्या चिएन-पाओसाठी अमूंगसची एक टर्न खर्चणं अनेकदा परवडतं.

तुम्ही समोरच्या बाजूला असाल तर क्रम पाहा. हलका आणि जड असे दोन्ही घाव सॅशवाल्याच्या आधी बसले पाहिजेत. सॅशवाल्याचा वेग तुमच्या दोघांच्या मध्ये पडला, तर तो उरलेल्या एचपीवर आपली मूव्ह करून जातो. तुमच्याकडे उर्शिफू असेल तर हा विचारच नको, पण व्हिम्सिकॉट गवती आहे, त्याला पाणी निम्मंच लागतं.

व्हीजीसीच्या मोठ्या स्पर्धांत आता टीमची यादी उघडी असते, सॅश कुणाकडे हे दोघांनाही ठाऊक. गेममधल्या रँक्ड लढतीत ती दिसत नाही. तिथे चिएन-पाओ दिसला की समोरचा सॅश गृहीत धरून दोन्ही हल्ले त्याच्यावरच टाकतो. म्हणून काही खेळाडू त्याला लाइफ ऑर्ब देतात, त्या टर्नला प्रोटेक्ट दाबतात, आणि खरी सॅश शेजारी ट्रिक रूम (संथांना आधी चालू देणारी मूव्ह) लावणाऱ्याकडे असते.